डाव्या गालाचा शोध

माझ्या हातून आयुष्यात एकच शोध लागला आणि तो खोटा निघाला. परभणी जिल्ह्यातल्या पुरुषांचा डावा गाल उजव्यापेक्षा सात मिलिमीटर जाड असतो, हा तो शोध. हैदराबादच्या एका परिषदेत वाचण्यासाठी त्यावर चौदा पानांचा निबंधही लिहून ठेवला होता. तो वाचायची वेळ आली नाही, म्हणून मी सुटले. पण माझ्यापेक्षा मोठी सुटका दुसऱ्याच एका बाईची झाली, ती सांगायला बसले आहे.

साल १९९२. मी नर्मदा, मूळची बोरीची, परभणीत एका खाजगी कॉलेजात शरीररचना शिकवत होते. जिल्ह्यात कुठे बेवारस हाडं सापडली की पोलीस माझ्याकडे येत, कारण आणखी कुणाकडे जावं हे त्यांना सुचत नसे. एकटी बाई आणि घरात कवट्या, म्हटल्यावर गल्लीत माझ्याबद्दल काय बोलत असतील ते तुम्हीच ओळखा. माझं तोंड फटकळ, त्यामुळे समोर येऊन बोलायची कुणाची छाती नव्हती.

कवटीवरून माणसाचा चेहरा उभा करता येतो. त्यात जादू काही नाही. कपाळावर मांस किती, गालावर किती, हनुवटीवर किती, हे माहीत पाहिजे. कवटीचा प्लॅस्टरचा साचा करायचा, ठरलेल्या एकवीस जागी तेवढ्याच उंचीच्या आगपेटीच्या काड्या चिकटवायच्या आणि काड्यांची टोकं बुडेपर्यंत शाडू भरत जायचं. सगळा खेळ त्या मापांचा. आणि मापं होती परदेशी पुस्तकातली, गोऱ्या लोकांची. लोणी खाऊन वाढलेले ते गाल ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाच्या हाडावर कसे बसतील? मी ठरवलं, आपली मापं आपण घ्यायची.

स्कॅनचं मशीन तेव्हा आमच्या गावात नव्हतं. नाकाची, जबड्याची, डोक्याची दुखणी असलेले लोक औरंगाबादला जाऊन स्कॅन काढून आणत आणि ती मोठाली काळी फिल्म पिशवीत घालून घरी ट्रंकेत ठेवत. मी तीन वर्षं हिंडून त्या फिल्मा मागून आणल्या. गंगाखेड, मानवत, जिंतूर, जिथे कळेल तिथे. खिडकीच्या काचेवर फिल्म लावायची, डोक्याचे आडवे काप त्यात दिसतात, आणि कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन हाडापासून कातडीपर्यंतचं अंतर मोजायचं. एकतीस पुरुष मोजले. उजव्या गालाची सरासरी निघाली चौदा मिलिमीटर आणि डाव्याची एकवीस.

मी हरखूनच गेले. दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. मग त्याचं कारणही शोधून काढलं: आपली माणसं कडक भाकरी डाव्या दाढेने चावतात, म्हणून डावीकडचा स्नायू वाढतो. शिकलेल्या माणसाला एकदा कारण सापडलं की तो पुढे बघायचं बंद करतो. मी तर चांगलीच शिकलेली होते.

त्या मार्चमध्ये गंगाखेडजवळ गोदावरीचं पाणी उतरलं आणि वाळू काढणाऱ्यांना एक सांगाडा सापडला. पुरुषाचा, पस्तिशीच्या आसपासचा, दीड-दोन वर्षं तरी पाण्यावाळूत असलेला. जमादार माणिकराव ती कवटी कापडात बांधून माझ्याकडे घेऊन आले. माणूस भला होता, पण फाईल लवकर मिटावी ही त्यांची एकमेव इच्छा.

“म्याडम, नदीकाठच्या एका गावातला रंगनाथ म्हणून एक जण दोन वर्षांपासून गायब हाय,” ते म्हणाले. “वय तेवढंच. तोच असावा.”

“असावा म्हणून चालत नाही. त्याचा फोटो मला दाखवू नका. तात्यारावांना तर मुळीच नाही.”

तात्याराव म्हणजे आमचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. शाडू भरायचं काम त्यांचं. फोटो पाहिला की हात फोटोकडे ओढ घेतो, म्हणून ही अट. ते बिचारे आठ दिवस माझ्या तक्त्यातल्या मापांप्रमाणे काड्या कापत आणि माती थापत बसले. चेहरा तयार झाला आणि डावा गाल चांगला टरारून वर आला. त्यांनी एकदा हळूच विचारलं, “बाई, हे जरा जास्तच व्हायलंय का?” मी म्हटलं, “मास्तर, माप म्हणजे माप.”

मंगळवारी जमादारांनी रंगनाथच्या घरच्यांना आणलं. म्हातारी आई चांगुणाबाई आणि बायको कुसुमबाई. आल्या आल्या दोघींनी जयभीम घातला. त्यांच्याकडे रंगनाथचा एकच फोटो होता, नामांतराच्या मोर्चाला निघताना ट्रकसमोर काढलेला. फोटोत वीस-बावीस माणसं घोषणा देत आहेत, सगळ्यांची तोंडं उघडी. एकट्या रंगनाथचं मिटलेलं, कारण तोंडात तंबाखूचा बार. डावा गाल फुगलेला आणि खाली गच्च दाढी.

मी मातीवरचं ओलं फडकं काढलं आणि चांगुणाबाईंनी हंबरडा फोडला.

“माझा रंगूच ह्यो! ह्यो गाल बघा की. माझ्या लेकरा, दोन सालं पाण्यात व्हतास का रं!” म्हातारी मातीच्या गालावरून हात फिरवू लागली. जमादारांनी फोटो बघितला, चेहरा बघितला आणि माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की मला, खरं सांगते, आनंद झाला. समोर एक आई रडत होती आणि मी मनातल्या मनात निबंधाच्या शेवटी आणखी एक पान जोडत होते. त्याची आज लाज वाटते.

रंगनाथ गेला तो भांडून. गावात बोअर पाडायला दक्षिणेकडची गाडी आली होती, तिच्यावर कामाला जातो म्हणाला. आई नको म्हणाली. शब्दाला शब्द वाढला, आणि “मी मेलो समजा” असं म्हणून उंबऱ्याबाहेर पडला. तेव्हापासून ना कार्ड ना निरोप. म्हातारीने तो शब्द दोन वर्षं छातीशी धरला होता. तिला आता वाटलं, तो खराच झाला.

पुढचं सगळं जमादारांनी ठरवूनच आणलं होतं. दोघींनी ओळख पटल्याचा जबाब द्यायचा, फाईल बंद. नातेवाइकांनी रविवारी गेलेल्या माणसाच्या नावाने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम धरला होता. त्याच दिवशी कुसुमबाईच्या हातातल्या बांगड्या आणि कपाळाचं कुंकू जाणार. म्हातारीने रडत रडत अंगठा उठवला. कुसुमबाई मात्र हात पदरात घेऊन उभी राहिली.

ती रडत नव्हती. बत्तिशीची, वाळलेली, सावळी बाई. मातीच्या चेहऱ्याभोवती ती एक फेरी मारून आली आणि मला म्हणाली, “बाई, एक इचारू? ह्ये पाण्यात किती दिस व्हते म्हणलाव?”

“दीड-दोन वर्षं.”

“मग तोंडात तंबाखू अजून कशी हाय?”

“कुठली तंबाखू? हा गाल आहे.”

“गाल न्हाई बाई. ह्यो बार हाय. बाहेरच्या लोकाला वाटतंय, ह्यांचा गालच तसा. मला ठावं हाय, बार थुकला की ह्यांचा गाल बसका दिसतो. हाडात बार ऱ्हातो का?”

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो. “कुसुमबाई, एकतीस माणसांची मापं घेऊन हे केलंय. मला माझं शास्त्र शिकवू नका. दुःख आहे, मी समजते, पण म्हणून काहीही बोलायचं?” असं म्हणून मी आत निघून आले. बाहेर जमादार तिला समजावत होते. तिचं एकच, “मी अंगठा देत न्हाई.” शेवटी शनिवारपर्यंत विचार कर म्हणून तिला परत पाठवलं.

ती गेली आणि मला चैन पडेना. तिला खोटं पाडायचंच म्हणून मी फिल्मांचा गठ्ठा काढला. उन्हं अजून खिडकीत होती. पहिलीच फिल्म काचेवर लावली, डाव्या गालाचा काप शोधला आणि नीट बघितलं. तीन वर्षं मी मापं घेत होते, बघत नव्हते. दाढेचं हाड पांढरं, त्याच्या बाहेर करडा गोळा आणि त्याच्याही बाहेर गालाची बारीक रेघ. त्या करड्या गोळ्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके होते. काळं म्हणजे हवा. मांसात हवा नसते, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

मी सगळ्या फिल्मा लावल्या. एकतीसपैकी एकवीस जणांच्या गालात गोळा. वीस डावीकडे, एक उजवीकडे. तळहातावर मळलेली तंबाखू उजव्या हाताच्या चिमटीने तोंडात सोडली की ती डाव्या गालात जाऊन बसते. उजवीकडचा तो एक डावखुरा असणार.

तरी मन मानेना. दवाखान्यात स्कॅनला जाताना माणूस तोंडात बार घेऊन जाईल? बुधवारी सकाळी मी जमादारांना घेऊन बोरीला गेले. माझ्या यादीतला पहिला माणूस आमच्याच भावकीतला, मुंजाजी. अंगणात बाजेवर बसला होता.

“मुंजाजी, औरंगाबादला डोक्याचा फोटो काढला, तेव्हा तोंडात काय होतं?”

“काईच न्हाई आक्का. उपाशी पोटी या म्हणले व्हते. मी च्या सुदीक घेतला न्हाई.”

“तंबाखू?”

“ती व्हती की.”

“अरे, उपाशी होतास ना?”

“मग? तंबाखू काय खायाची चीज हाय का आक्का? एकादशीला चालती, मग फोटूला का न्हाई चालणार? उलट त्या मशीनीचं भ्या वाटायलं म्हणून मी ताजा बार धरला.”

“थुंकायला कुणी सांगितलं नाही?”

“मला इचारलं कुठं कुणी? तोंड मिटा, हलू नका म्हणले. मिटलं. गिळता येईना, थुकता येईना, लय हैराण झालो बघा.”

जमादार पोट धरून हसत होते. मी पण हसले, पण तेवढ्यापुरतंच. ज्या डाव्या गालावर मी शास्त्र उभं केलं तो गाल नव्हताच, आणि त्या गालाच्या भरवशावर रविवारी एका बाईचं कुंकू जाणार होतं. नुसता निबंध असता तर फाडून टाकला असता.

त्या एकवीस जणांना गाळून उरलेल्या दहांची मापं घेतली. डावा चौदा, उजवा चौदा. मी गुरुवारी तात्यारावांपुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, “मास्तर, तुमचं बरोबर होतं. डावा गाल उतरवा.” मास्तरांनी ज्या उत्साहाने कोरणी उचलली त्यावरून त्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं.

शनिवारी दोघी परत आल्या. नवा चेहरा मधोमध ठेवला होता, दोन्ही गाल सारखे बसलेले. चांगुणाबाई बघत राहिल्या, गोंधळल्या. “ह्यो… ह्यो रंगू असंल का? मला काई उमगंना.” त्यांनी मुलाला पंधरा-वीस वर्षांत बार आणि दाढीशिवाय पाहिलंच नव्हतं.

खरी अडचण तीच होती. ही कवटी रंगनाथची असेल, तर तोही बाराशिवाय असाच दिसणार. गाल उतरला म्हणून माणूस बदलत नाही. मी कुसुमबाईला तसं स्पष्ट सांगितलं. “सावकाश बघ. मी यावेळी काही शिकवणार नाही.”

ती समोर बसली. मग मास्तरांना म्हणाली, “गुरुजी, ह्याचे डोळे मिटता येतेत का?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी ओल्या अंगठ्याने मातीच्या पापण्या खाली ओढल्या.

“झोपताना बार थुकायचे,” ती म्हणाली, कुणाकडे न बघता. “तेवढंच त्यांचं तोंड मपलं, माझ्या एकलीचं. बाकी दिसभर गावाचं.” सासू शेजारीच होती, पण ती लाजली नाही. ती वाकून बघत होती, हनुवटीकडे, मग जबड्याच्या कोपऱ्याकडे. मला आठवतं, जमादारांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

“न्हाई,” ती म्हणाली. “ह्ये न्हाईत. ह्या माणसाची हनुवटी रुंद हाय, चौकोनी. ह्यांची बारीक हाय, आत गेलेली. म्हणून तर दाढी ठेवली. सासूबाई, आठवा की.”

चांगुणाबाईंनी डोळे मिटले आणि पदर तोंडाला लावला. “बारीकच व्हती. पोरं चिडवायची त्याला. व्हय, बारीकच व्हती.”

जमादार वैतागले. “परवा होय म्हणलाव, आज न्हाई म्हणताव. मी साहेबांना काय सांगू? बायकोला वाटतंच की आपला माणूस न्हाई म्हणून.”

आता मी बोलायला हवं होतं. हनुवटी तर हाडाचीच असते, ती मातीने बदलत नाही. पण जमादारांना त्यांच्या समजुतीचं काहीतरी दाखवायला पाहिजे होतं. मी खरी कवटी आणली आणि डाव्या दाढा त्यांच्यापुढे धरल्या. “रंगनाथ किती वर्षांपासून खायचा?” मी विचारलं.

“मिसरूड फुटल्यापासनं,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“आणि जमादार, तुम्ही?”

“आता माझा काय संबंध, म्याडम?”

“आ करा.”

“म्याडम…”

“आ करा म्हणते ना!”

त्यांनी खिडकीबाहेर थुंकून मुकाट्याने आ केला. बाराच्या जागी हिरडी झिजून दाढांची मुळं उघडी पडलेली, काळी. मी आरसा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी कवटी धरली. तिच्या डाव्या दाढांच्या भोवती हाड काठोकाठ वर, एका जागीही झिजलेलं नाही. डाग वाळूने घासून जातील, पण झिजलेलं हाड वाळू परत भरून देत नाही. “या माणसाने जन्मात तंबाखू धरली नाही,” मी म्हटलं. “मी लेखी देते. मंगळवारचा माझा अहवाल चुकीचा, हेही लेखी देते.”

जमादारांनी आरशात आणखी एकदा बघितलं. मग म्हातारीचा अंगठा असलेला कागद त्यांनी आपल्या हाताने फाडला. एक कवटी परत बेवारस झाली होती, पण त्या क्षणी तरी मला तिचं वाईट वाटलं नाही.

कुसुमबाई भिंतीला टेकून खाली बसली. मला वाटलं, आता हिला रडू फुटेल. मी पाणी आणायला वळले, तर मागून आवाज आला.

“मुडदा बशिवला त्या बोअरच्या गाडीचा! दोन वर्सं! एक कार्ड टाकाया काय झालतं? हात मोडले व्हते का? लेकीला गोवर झाला, एकली घेऊन दवाखान्यात बसले. घराचं पत्रं उडालं, एकलीनं बांधलं. येऊ द्या घरी, येऊ द्या नुसतं!”

चार दिवस ती एक शब्द वाकडा बोलली नव्हती. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, ते सगळं तिने आत दाबून ठेवलं होतं. आता भांडायला माणूस परत मिळाला होता. सासूने काही वेळ ऐकलं, आणि मग तीही सुरू झाली. “मेलो समजा म्हणतो! आईला म्हणतो! तुझ्या जिभेला काई हाड!” दोघी एकमेकींना आठवण करून देत होत्या, हेही सांग, तेही सांग, आणि शिव्या देता देता दोघींच्या डोळ्यांतून धारा चालल्या होत्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिले आणि मलाही रडू आलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

नव्या चेहऱ्याचा फोटो जमादारांनी नदीकाठच्या गावांत फिरवला. पावसाळ्याआधी पाथरीकडच्या एका घराने तो ओळखला. त्यांचा मुलगा पुरात गेला होता. त्यांनी हाडं नेऊन आपल्या रीतीने कार्य केलं. कुसुमबाई एसटीने तिथे जाऊन त्या मुलाच्या बायकोजवळ दिवसभर बसून आली, असं मला नंतर कळलं.

फाईल उघडी राहिली म्हणून जमादारांना रंगनाथला शोधणं भाग पडलं. बोअरच्या गाड्यांच्या मालकांना पत्रं गेली. दिवाळीच्या आधी रायचूरकडून उत्तर आलं: या नावाचा माणूस आहे, धडधाकट आहे, आणि घरी तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून लिहीत नव्हता.

तो आल्यावर चौथ्या दिवशी कुसुमबाई त्याला घेऊन माझ्याकडे आली. उंच, ओशाळलेला माणूस, हातात टोपी. मी इतके महिने त्याला काय काय सुनवायचं ते ठरवून ठेवलं होतं. चष्मा नीट केला, घसा साफ केला आणि सुरुवात केली, “काय हो रंगनाथ…”

“बाई, तुमी जरा थांबा,” कुसुमबाई मध्येच म्हणाली. “मपलंच अजून बोलून झालं न्हाई.”